गजपंथा ते मांगीतुंगी : नकाशातले सेंटिमीटर आणि पायाखालचे कोस

नाशिक जिल्ह्याच्या दक्षिणेस म्हसरूळच्या टेकडीवर गजपंथा आणि उत्तरेच्या टोकाला, बागलाणात, मांगीतुंगी. एकाच जिल्ह्यात ही दोन सिद्धक्षेत्रे आहेत. पहिल्यावरून सात बलभद्र मोक्षाला गेले आणि दुसऱ्यावरून राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनी, अशी आपली श्रद्धा. आपल्यापैकी बहुतेकांनी ही दोन्ही दर्शने एकाच दिवसात उरकलेली असतात. सकाळी गजपंथाच्या पायऱ्या चढायच्या, दुपारचे जेवण सटाण्याच्या आसपास घ्यायचे आणि संध्याकाळी मांगीतुंगीच्या धर्मशाळेत सामान टाकायचे. मोटारीच्या काचेतून मधला मुलूख दिसतो, पण तो मोजला जात नाही. विहारात निघालेल्या संघाला मात्र तोच मुलूख आठ दिवस पुरतो, आणि त्यातला प्रत्येक कोस कुणाच्या तरी अनवाणी तळव्याखालून जातो.

दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात असा एक दिगंबर संघ गजपंथाहून मांगीतुंगीस निघणार होता. संघात तीन मुनी व चार आर्यिका माताजी होत्या. सर्वांत ज्येष्ठ मुनिश्रींचे वय सत्तरीच्या पुढे. विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळात माझ्याकडे मार्गाचे आणि मुक्कामांचे काम आले. बँकेत असताना १९८९ सालापासून ग्रामीण शाखांना ठरावीक खेडी नेमून देण्याची पद्धत सुरू झाली होती. तेव्हापासून शाखेच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा असे, आणि कर्जमागणीच्या अर्जाइतकेच त्या नकाशाकडेही पाहण्याची मला सवय लागली. मंडळातील तरुणांचे म्हणणे होते की मोबाईल सांगतो तेवढे अंतर घ्यावे आणि मोकळे व्हावे. ते चूक नव्हते; पण मोबाईल मोटारीचा रस्ता सांगतो. पायी चालणाऱ्याला शेताच्या बांधावरून जाणारी गाडीवाट, ओढ्यावरचा सांडवा, गावाबाहेरची शाळा आणि शाळेची विहीर पाहिजे असते. या गोष्टी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशात असतात. हे नकाशे आता घरबसल्या मिळवता येतात. पूर्वी त्यासाठी लेखी अर्ज आणि बराच धीर लागे.

जुन्या क्रमांकाप्रमाणे या मार्गाला पाच पत्रे लागतात : ४६ एच/१६, ४६ एच/१५, ४६ एल/३, ४६ एल/२ आणि ४६ एल/१. म्हसरूळ व दिंडोरी पहिल्यात, वणी दुसऱ्यात, कळवण तिसऱ्यात, सटाणा चौथ्यात आणि मांगीतुंगी पाचव्यात. चौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखावृत्त वणी आणि कळवण यांच्या मधून जाते, म्हणून तिथे एच संपून एल सुरू होतो. प्रत्येक पत्र पंधरा मिनिटे उंच व पंधरा मिनिटे रुंद. आपल्या अक्षांशावर याचा अर्थ उभे सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर आणि आडवे सव्वीस. पाचही पत्रे जमिनीवर सतरंजीसारखी जोडून ठेवली तेव्हा दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि घरच्यांनी जेवण स्वयंपाकघरातच वाढले.

नकाशाचे प्रमाण तीन तऱ्हांनी लिहितात, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. पहिली तऱ्हा शब्दांची : एका सेंटिमीटरास अर्धा किलोमीटर. दुसरी अंकांची : १:५०,०००. तिसरी रेषेची : पत्राच्या तळाशी काढलेली व खुणा केलेली एक पट्टी, जिच्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. व्यापारी माणसाला अंकप्रमाण सर्वांत लवकर कळावे, कारण ते निव्वळ गुणोत्तर आहे आणि गुणोत्तराला चलन नसते. नकाशावर एक बोट तर भूमीवर पन्नास हजार बोटे. नकाशावर एक इंच तर भूमीवर पन्नास हजार इंच. जुने इंग्रजी नकाशे एका इंचास एक मैल या मापाचे होते. मैलाचे इंच होतात ६३,३६०, म्हणून त्यांचे अंकप्रमाण १:६३,३६० असे अवघड दिसे. दशमान पद्धतीत तो आकडा ५०,००० झाला आणि हिशेब तोंडी होऊ लागला : दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे मात्र अर्धा किलोमीटर गुणिले अर्धा किलोमीटर, अर्थात पाव चौरस किलोमीटर, पंचवीस हेक्टर. जमिनीच्या व्यवहारात रस असलेल्या वाचकांनी हा वर्ग करण्याचा मुद्दा ध्यानात ठेवावा. आपल्याकडच्या गुंठ्याचा जन्मही असाच झालेला आहे : तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीचा वर्ग केला की १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा.

प्रथम सरळ रेघ मोजली. त्यासाठी एक अंश पत्राचा, १:२,५०,००० प्रमाणाचा नकाशा घेतला, कारण त्यात सारा मुलूख एका नजरेत येतो. म्हसरूळपासून मांगीतुंगीपर्यंत पट्टीवर सुमारे छत्तीस सेंटिमीटर भरले. एका सेंटिमीटरास अडीच किलोमीटर, म्हणून नव्वद किलोमीटर. हे झाले पाखराचे अंतर. माणसाच्या अंतरासाठी धागा घेतला. शिवणकामाचा साधा पांढरा दोरा किंचित ओला करून वळणावळणावर टाचणीने अडवत मार्गावर बसवायचा, दोन टोकांना शाईची खूण करायची, मग सरळ करून पट्टीला लावायचा. एक नवल इथे आढळते. हाच रस्ता लहान प्रमाणाच्या नकाशावर मोजला तर कमी भरतो आणि मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर अधिक. कारण उघड आहे : दहा लाखांस एक या प्रमाणात घाटाची नागमोडी वळणे काढायला कागदावर जागाच नसते, नकाशा काढणारा ती सरळ करून टाकतो. म्हणून विहाराचे अंतर मोठ्या प्रमाणाच्याच नकाशावर मोजावे. आमच्या धाग्याने दिंडोरी, वणी, कळवण, सटाणा, ताहाराबाद या वाटेने सुमारे एकशे तीस किलोमीटर दाखवले.

दुसरी वाट मुंबई-आग्रा महामार्गाची होती : ओझर, पिंपळगाव, तिथून पुढे डोंगर ओलांडून देवळा आणि सटाणा. ती रुंद आणि सपाट, जागोजागी हॉटेले, पेट्रोलपंप, गाडी उभी करायची सोय. मंडळातील बहुतेकांचा कल तिकडेच होता, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा योग्यही होता की आजारी माणसाला लवकर दवाखान्यात नेता येते. परंतु महामार्गावर पहाटेच्या अंधुक उजेडात चालणाऱ्या साधुसाध्वींना वाहनांनी उडवल्याच्या बातम्या याच मासिकातून आपण किती वेळा वाचल्या आहेत! धागा दोन्ही मार्गांवर लावल्यावर दिसले की फरक अर्ध्या दिवसाच्या चालीहूनही कमी आहे. मग महामार्गाची बाजू घेणारे ज्येष्ठ विश्वस्त काका स्वतःच म्हणाले, “भाऊसाहेब, एवढ्याच अंतरासाठी कंटेनरच्या बाजूने महाराजांना चालवायचे असेल, तर मला ते पटत नाही. वणीवरून न्या.” विषय तिथेच मिटला.

त्यानंतर मुक्कामांचा तक्ता आला. तो मंडळातल्या एका उत्साही कार्यकर्त्याने केलेला होता आणि नीटनेटकाही होता. आठ दिवस, प्रत्येक दिवशी सकाळची चाल व संध्याकाळची चाल, गावांची नावे, शाळा, मंदिर, पाण्याची सोय. अंतरे त्याने नकाशाच्या छायाप्रतीवर पट्टी ठेवून काढली होती. मी सहज एक सकाळ तपासली, कळवणच्या पुढची. छायाप्रतीवर वीस सेंटिमीटर, दोन सेंटिमीटरास एक किलोमीटर, म्हणून तक्त्यात दहा किलोमीटर. माझ्या मूळ पत्रावर तोच पल्ला चौदाच्या वर जात होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तक्ता बांधायला सोपा जावा म्हणून नकाशाचे तुकडे मोठ्या कागदावरून निम्म्या आकाराच्या कागदावर उतरवलेले होते. छायाप्रतीच्या यंत्रात याला एकाहत्तर टक्के म्हणतात. कागद लहान झाला, डोंगर, नद्या, रस्ते सगळे त्याच मापाने लहान झाले. परंतु कोपऱ्यात छापलेले “१:५०,०००” हे अक्षर लहान होऊनही वाचताना तेच राहिले. वास्तविक त्या कागदाचे प्रमाण आता सुमारे १:७०,७०० झालेले होते. शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण अशा वेळी खोटी साक्ष देतात. खरे बोलते ते फक्त रेषाप्रमाण, कारण तळाची पट्टीही नकाशाबरोबरच आखडते. छायाप्रतीवरच्या त्या पट्टीत एक किलोमीटर दोन सेंटिमीटरांऐवजी एक पूर्णांक चार दशांश सेंटिमीटरांत मावत होता. वीस भागिले एक पूर्णांक चार, चौदा किलोमीटर. मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे करताना कोपऱ्यातली छोटी रेघ जी बदलत राहते, तीही हीच.

चार किलोमीटरांचा हा फरक मोटारीत बसलेल्याच्या लक्षातही येत नाही. पण दिगंबर मुनींची चर्या आपण जाणता. दिवसातून एकदाच आहार, तोही उभ्याने, करपात्रात, पाणीही तेव्हाच. पौषात नाशिककडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. ज्येष्ठ मुनिश्रींचा वेग खडीच्या रस्त्यावर ताशी तीन किलोमीटरांच्या पुढे जात नव्हता. दहा किलोमीटर असते तर ते दहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचले असते. थोडी विश्रांती, शुद्धी, आणि पडगाहनाला वेळ होता. चौदा किलोमीटर म्हणजे अकरा वाजून चाळीस मिनिटे, त्यानंतर मध्यान्हीची सामायिक. आहाराचा समय निसटला तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत घोटभर पाणीही नाही, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा सात किलोमीटर. सत्तरी उलटलेल्या देहाला हा हिशेब झेपणारा नव्हता. संपूर्ण तक्ता मूळ पत्रांवरून नव्याने केला. आठ दिवसांतील सात सकाळी बदलल्या, दोन मुक्काम बदलले, आणि कळवणच्या पुढे एका वस्तीवर नवा चौका लावायचा ठरला. त्या कार्यकर्त्यानेच रात्री बसून सर्व गावांना पुन्हा फोन केले.

आपल्या शास्त्रकारांना मापांची ही काळजी पुरेपूर ठाऊक होती. चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचे धनुष्य, दोन हजार धनुष्यांचा कोस, चार कोसांचे योजन, हे कोष्टक लहानपणी पाठशाळेत म्हटलेले असते. त्यातली खरी मर्माची गोष्ट मात्र पुढे येते : अंगुल एकच नाही, तीन आहेत. आत्मांगुलाने त्या त्या काळातील घरे, विहिरी, भांडी मोजावीत. उत्सेधांगुलाने जीवांच्या देहाची उंची. आणि प्रमाणांगुलाने द्वीप, समुद्र, पर्वत. प्रमाणांगुल हे उत्सेधांगुलाच्या शेकडो पट मोठे. म्हणजे आकडा ऐकण्याआधी “कोणत्या अंगुलाने?” हे विचारले पाहिजे. नकाशाच्या तळाशी प्रमाण लिहितात ते याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. मराठीत स्केलला प्रमाण हा शब्द कुणी योजला ते मला माहीत नाही, पण योजणाऱ्याला नमस्कार.

हात दीड फुटाचा धरला तर धनुष्य सहा फुटांचे होते आणि कोस बारा हजार फुटांचा, म्हणजे तीन किलोमीटर सहाशे साठ मीटरांच्या जवळपास. आमची वाट या हिशेबाने साडेपस्तीस कोस, नऊ योजनांना किंचित कमी. ईर्यासमितीत साधूने पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे असे सांगितले आहे. काही परंपरेत साडेतीन हात म्हणतात. चार हात म्हणजे बरोबर एक धनुष्य. एकशे तीस किलोमीटरांत अशी एकाहत्तर हजारांहून अधिक धनुष्ये येतात. आम्ही नकाशात शोधत होतो ते अंतर मुनिश्री एवढ्या वेळा डोळ्यांनी मोजत जाणार होते, मुंगी चुकवत. पालीताण्याला फाल्गुन शुद्ध त्रयोदशीस होणाऱ्या छ गाऊ प्रदक्षिणेच्या नावातही अंतरच दडलेले आहे. गाऊ म्हणजे कोस. तिथे जाणाऱ्या वाचकांनी एकदा धागा लावून पाहावा.

लोकांच्या तोंडचा कोस मात्र कोणत्याच कोष्टकात बसत नाही. वणीच्या अलीकडे द्राक्षबागांतून जाताना एका शेतकऱ्याला पुढच्या गावाचे अंतर विचारले, तर तो म्हणाला, “हे काय, हाकेच्या अंतरावर.” हाक बरीच लांब गेली, पाच किलोमीटर. बागलाणात बोली अहिराणीकडे झुकते. तिथल्या एका म्हातारबाबांनी ‘आठेच शे’ म्हणून सांगितलेले गाव नकाशात पावणेदोन सेंटिमीटरांवर होते आणि खरोखर एक किलोमीटरच्या आत आले. त्यांच्या शब्दावर मी नंतरचे दोन दिवस विसंबलो असतो, पण ते आमच्याबरोबर नव्हते.

ज्या मापाच्या आधाराने हे नकाशे उभे राहिले, त्याची कहाणी महाराष्ट्राशी जोडलेली आहे, आणि आपल्या समाजात ती फारशी ठाऊक नाही. इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक आधाररेषा पोलादी साखळीने जमिनीवर प्रत्यक्ष मोजली. त्यानंतर बाकी सारा देश त्याने कोनांनी मोजत आणला. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने येतात. ती नवी बाजू पुढच्या त्रिकोणाची पहिली बाजू. अशा त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत राहिली. सुमारे वीस वर्षे हे काम करून, नागपूरकडे जात असता, जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला लॅम्ब्टन वारला. त्याची कबर तिथेच आहे. कापसाच्या व्यवहारासाठी आपल्यातील किती घराणी हिंगणघाटास जातात, राहतात! पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवले आणि जगातल्या सर्वोच्च शिखराला नाव त्याचे मिळाले. मूळ पुरुष मात्र कापसाच्या गावात निजला आहे.

विहार ठरल्याप्रमाणे निघाला. दिंडोरीपर्यंत सपाटी, दोहो बाजूंना द्राक्षांचे मांडव, पहाटे त्यांवर धुके. वणीच्या पुढे सातमाळ्याची रांग आडवी येते आणि सप्तशृंगीचा कडा दिवसभर डाव्या-उजव्या हाताला वेगवेगळ्या चेहऱ्याने दिसत राहतो. नकाशात या ठिकाणी समोच्चता रेषा इतक्या दाटीने येतात की तपकिरी रंगाचा डागच पडल्यासारखे वाटते. दोन रेषांमध्ये उंचीचा फरक वीस मीटर. रेषा जवळ तर चढ उभा, दूर तर जमीन पसरट. मांडवातून चालताना आमच्यातील चौका सांभाळणाऱ्या काकूंनी विचारले, “भाऊ, उद्याचा पल्ला केवढा? पाणी कुठवर न्यायचे?” त्यांना किलोमीटर सांगून उपयोग नव्हता. मी सांगितले, “पहाटे साडेतीनला निघा, चौका शाळेच्या ओवरीत लागेल. महाराज साडेदहाच्या आत येतील.” त्या म्हणाल्या, “मग दूध गावातच घेते.” नकाशातल्या सेंटिमीटरांचे शेवटी असे दुधात आणि चुलीत रूपांतर होते.

कळवणच्या पुढची ती सकाळ, जी तक्त्यात आधी दहाची होती, आम्ही नऊ किलोमीटरांवर थांबवली होती. मुनिश्री दहा वाजून पाच मिनिटांनी वस्तीवर आले. टाच भेगाळून रक्त येत होते, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही, पण पायरीवर उमटले. विधी मिळाला, आहार निरंतराय झाला. मूळ तक्त्यातील मुक्काम अजून पाच किलोमीटर पुढे होता, तिथवर संध्याकाळी सहज जाता आले. त्या दुपारी उन्हाने डांबर मऊ झाले होते. पौषातही बागलाणात ऊन लागते.

सटाण्यानंतर डाळिंबाच्या बागा सुरू होतात, आणि ताहाराबादला मोसम नदीचे खोरे. इथून पश्चिमेकडे मुल्हेर आणि त्याच्याही पलीकडे साल्हेर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. मांगी आणि तुंगी ही दोन शिखरे उत्तरेच्या रांगेत, दोन बोटे उभी करावीत तशी. मांगीची उंची ४३४३ फूट, तुंगीची ४३६६. शेवटच्या दोन दिवसांत ती सतत दिसत असतात आणि जवळ येत नाहीत. अशा वेळी नकाशा पाहावा, डोंगराकडे पाहू नये. डोळ्याला कोणतेच प्रमाण नसते.

पायथ्यापासून मांगीपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या सांगतात. पायरी सरासरी सहा इंचांची धरली तर चढ सतराशे पन्नास फूट होतो. पुष्कळांचा समज असा की डोंगराच्या चढामुळे अंतर फार वाढते आणि नकाशा ते लपवतो. नकाशावरचे अंतर आडवे असते हे खरे. पण उदाहरणादाखल आडवे अंतर दोन किलोमीटर आणि चढ ५३३ मीटर घेऊन काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचे गणित केले, तर उत्तर येते दोन किलोमीटर सत्तर मीटर. वाढले ते सत्तर मीटर. दमछाक अंतराने होत नाही, देह वर उचलण्याने होते. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी एक ठोकताळा दिला होता : तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. धडधाकट माणसाचा आहे हा हिशेब. आर्यिका माताजींना आम्ही त्याच्या दुप्पट वेळ धरला होता आणि तो पुरला.

येथील भगवान ऋषभदेवांची अखंड पाषाणातून घडवलेली १०८ फूट मूर्ती आता जगप्रसिद्ध आहे; फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचा पंचकल्याणक सोहळा झाला. पायथ्याशी उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. १:५०,००० च्या नकाशात मात्र एकशे आठ फूट म्हणजे सहासष्ट शतांश मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाएवढेही नाही. ज्यांच्या प्रेरणेने ही मूर्ती झाली त्या गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींनीच हस्तिनापूरला जंबूद्वीपाची रचना उभी करविली. तिचा व्यास अडीचशे फूट. शास्त्रात जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने, म्हणजे तिथे एका फुटात चारशे योजने मावतात. भरत क्षेत्राची रुंदी शास्त्रात पाचशे सव्वीस पूर्णांक सहा एकोणिसांश योजने, जंबूद्वीपाचा बरोबर एकशे नव्वदावा भाग. या प्रमाणात ती जेमतेम सोळा इंच येते. आपण, आपली दुकाने, गजपंथा, मांगीतुंगी, सारे त्या सोळा इंचांत. मेरू पर्वत भूमीच्या वर नव्याण्णव हजार योजने, त्याच प्रमाणाने तो अडीच फूट कमी अडीचशे फूट व्हायला हवा होता. तो एकशे एक फूट आहे. उभ्याचे प्रमाण वेगळे, आडव्याचे वेगळे. यात काही गैर नाही, डोंगराच्या उठावनकाशातही असेच करतात, फक्त तिथे उंची वाढवतात आणि इथे कमी केली. तरीही पाहणाऱ्या मुलांना हे सांगावे, त्यांना गंमत वाटते.

आठव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास संघ पायथ्याच्या मंदिरात पोहोचला. तक्त्यात साडेतीन लिहिले होते. अर्धा तास वाटेतल्या एका गावाने घेतला, जिथे शाळेची मुले दोन रांगा करून उभी होती आणि मुनिश्री प्रत्येकासमोर थांबले. त्याला नकाशात खूण नाही.

ज्येष्ठ मुनिश्रींनी नंतर विचारले की इथून वेरूळच्या जैन लेण्यांकडे जायचे तर किती? मी मोठा नकाशा उघडला. सरळ रेघेने अठ्ठावन्न सेंटिमीटर, म्हणजे एकशे पंचेचाळीस किलोमीटर. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईची जैन लेणी वाटेवर घेता येतील. धागा अजून लावायचा आहे.